बेवारस

भुसावळ जंक्शनवर, बेवारस सामानाच्या खोलीत
मी एकोणतीस वर्षं काढली.
छत्र्या, बहुतेक काळ्याच.
एक तबला, डग्गा नसलेला.
दातांची कवळी:
तिची नोंद मी ‘नग एक, वापरलेली’ अशी केली.
आणि पठाणकोट एक्सप्रेसमधून उतरलेली
एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी.
पुठ्ठा नाही. ए हे अक्षरच नाही.
बी पासून इंग्रजी सुरू.

मालक आला नाही, लिलाव झाला.
अकरा रुपयांत मीच घेतली,
दुसरी बोली लावायला माणूस नव्हता.

माझं इंग्रजी पावतीपुरतं.
वन ट्रंक, लॉक ब्रोकन.
पण दुपारची डाऊन गाडी गेली, की पान उघडायचं
आणि असा शब्द शोधायचा
जो साहेबालाही येत नाही.
असे पुष्कळ निघाले.
जिभेवर ठेवले की चिंचोक्यासारखे,
पोट भरत नाही, पण थुंकवतही नाही.

ग्रोक म्हणजे
कुणी जेवत असताना त्याच्या तोंडाकडं
आशेनं बघत राहणं.
वाचलं तेव्हा डब्यात भरीत होतं, कळण्याची भाकरी,
आणि दारात टीसी वाघुळदे.
मी अर्धी भाकरी पुढं केली.
नको नको म्हणाले, आणि बसले.

फजल म्हणजे कामाचं सोंग करणं.
हा मी सगळ्या ऑफिसात वाटला,
सगळ्यांना अंगाबरोबर बसला.
एकट्या फजल तडवीला सोडून.
यावलकडचा माणूस, पहाटेच्या गाडीनं यायचा,
गोण्या स्वतः मोजायचा.
त्याला चहा पाजला, म्हटलं,
बाबा, तुझ्या नावावर इंग्रजांनी उगाच काहीतरी चढवलंय.
तो म्हणाला, नवीन काय.

मम्प्सिमस म्हणजे
चूक दाखवली तरी तीच धरून बसणारा.
आमचे गार्ड उखर्डू भिरूड, तीस वर्षं ‘शिंगल’ म्हणाले.
शिंगल पडायचा, गाडी सुटायची,
मग चूक कुणाची?

आणि ओव्हरमॉरो.
म्हणजे चक्क आपलं परवा!
एवढं राज्य केलं यांनी,
आणि परवाचा दिवस हरवून बसले.
आता डे आफ्टर टुमारो म्हणतात,
तीन डबे जोडून.
आमचं परवा एकाच इंजिनावर
मागंही जातं, पुढंही.

घरी सिंधूला सांगितलं,
कालव्याकाठी रिकामं उभं राहून
होड्या बघत बसणाऱ्यासाठी शब्द आहे, गाँगूझलर.
इथं होड्या कुठल्या, मी पुलावरून शंटिंग बघायचो.
तेव्हापासून, दळण आणायचं राहिलं की
‘बसला माह्या गोंगुझल्या!’
शेजारणीही म्हणायला लागल्या.
गडकरी नगरात तो शब्द आता शिवी म्हणून चालतो,
सौम्य, पण लागणारी.

भाचा आला, बर्मिंगहॅमला असतो.
त्याला एकेक करून दहा विचारले.
मामा, तिथं असं कुणी बोलत नाही.
नाही ना? मग आमच्याकडं जमा,
म्हटलं, आणि सवयीनं
पावतीपुस्तकासाठी हात खिशाकडं गेला.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती.

जाताना तो म्हणाला,
थंडीतल्या उन्हाची जी ऊब असते ना,
तिच्यासाठी पण एक आहे. मोबाईलवर वाचलाय.
ए पासून सुरू होतो.
मी म्हटलं, थांब. सांगू नको.
त्यानं तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं.

पौषात मी अजूनही फलाटाच्या टोकाला
त्या बाकड्यावर जाऊन बसतो, आठ-सव्वाआठला.
आधी गुडघे तापतात, मग कानाच्या पाळ्या.
केळीचे ट्रक लाईनीनं उभे.
तो शब्द कुणीतरी नेला.
मनमाडच्या आसपास, मला वाटतं,
कुणीतरी ती पानं फाडली असतील,
त्यात शेंगदाणे बांधले असतील,
गरम.